शेवटच्या ओळीखालची रेघ

मासिकाच्या कचेरीतले काका वहीत पत्ता लिहून झाला की त्याच्याखाली रेघ मारायचे. फूटपट्टी घेत नसत, तरी रेघ सरळ यायची. २००३ साली मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वर्गणीदारांचे पत्ते कापडी बांधणीच्या सहा वह्यांत होते आणि काकांच्या डोक्यात होते. डोक्यातली प्रत जास्त भरवशाची होती. वही चाळताना माझ्या लक्षात आलं की पानावरच्या सगळ्यांत खालच्या पत्त्याखालीही रेघ आहे.

“काका, याच्यापुढे कुणीच नाही. मग रेघ कशाला?”

“अगं, पुढे कुणी नाही म्हणूनच तर. रेघ नसली तर हा पत्ता पुरा झाला, की मधेच फोन वाजला म्हणून पिनकोड लिहायचा राहिला, हे कळणार कसं? चेकवर रकमेच्या पुढे ‘फक्त’ लिहितेस ना, तसंच हे.”

मी हसले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि व्हिज्युअल बेसिक येत असल्यामुळे मला सगळंच येत होतं.

काम दिसायला सोपं होतं. दोन कॉलेजकुमारांनी सुट्टीत बसून सगळे पत्ते एक्सेलमध्ये टाइप केले होते. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे युनिकोडमध्ये नाही, तर मराठी अक्षरांचा वेश चढवलेल्या एका फॉन्टात. एका रकान्यात नाव आणि शेजारच्या रकान्यात अख्खा पत्ता. पत्ता एकाच खणात, पण चार-पाच ओळींत: घर, गल्ली, मु. पो., ता., जि., शेवटी पिन. एक्सेलच्या एकाच खणात खालच्या ओळीवर जायचं असेल तर ऑल्ट दाबून एंटर मारावं लागतं, ते त्या मुलांना कुणीतरी शिकवलं होतं. मला त्या पत्त्यांच्या ओळी सुट्या करून ए-फोर कागदावरच्या चोवीस लेबलांत, तीन उभे रकाने आणि आठ आडव्या रांगा अशा, छापायच्या होत्या. दिवाळी अंक तयार होत होता आणि लेबलं चिकटवायला काकांच्या घरची माणसं येऊन बसणार होती.

मजकूर घ्यायचा, जिथे ओळ संपते तिथे कापायचा, तुकडे मोजायचे. कापण्यासाठी ‘स्प्लिट’ नावाची आज्ञा तयारच होती. कुठे कापायचं ते तिला सांगितलं की झालं. विंडोजवर ओळ जिथे संपते तिथे दोन अदृश्य अक्षरं असतात असं पुस्तकात वाचलं होतं, तीच दिली. पहिला कागद छापला. एकेका लेबलावर अख्खा पत्ता एका ओळीत, उजवीकडे कागदाबाहेर पळालेला, आणि जिथे ओळ मोडायला हवी तिथे छोटे छोटे रिकामे चौकोन.

काकांनी कागद उजेडात धरला. “हे खिडक्यांसारखं काय छापलंयस?”

त्या खिडक्यांचं मूळ शोधायला मला दोन दिवस लागले. आज कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगेन, पण ती दोन वाक्यं माझ्या आईच्या टाइपरायटरमधून येतात, म्हणून जरा लांबण लावते. आईने लग्नाआधी मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली होती. तिच्या मशीनवर ओळीचा शेवट जवळ आला की घंटी वाजायची. मग डाव्या बाजूची दांडी उजवीकडे ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज पुन्हा सुरुवातीला यायचं. हाताला ते एकच काम वाटायचं. पुढे तारेवरून छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांत या दोन कामांना दोन वेगळे संकेत मिळाले. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, पण टोकाला गेलेल्या कॅरेजला परत यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी ‘मागे ये’ असं सांगायचं, मग ‘कागद सरकव’. दुसरं काम होईपर्यंत पहिलंही उरकत यायचं. संकेतांच्या तक्त्यात ‘मागे ये’चा क्रमांक १३ आणि ‘कागद सरकव’चा १०.

यंत्रं गेली, संकेत राहिले, आणि प्रत्येक घराण्याने आपापली वाटणी करून घेतली. युनिक्सवाल्यांनी म्हटलं, आता कॅरेज कुठे आहे, एकटा १० पुरे. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकने एकटा १३ ठेवला. सीपी/एम, तिच्यामागून डॉस आणि डॉसमागून विंडोज यांनी १३ आणि १० दोन्ही जपले. ई-मेलची यंत्रणासुद्धा आजही ओळीच्या शेवटी हे दोन्ही संकेत मागते. नसलेलं कॅरेज परत बोलावल्याशिवाय पत्र पुढे जात नाही.

आणि एक्सेल? चालतं विंडोजवर, पण खणाच्या आतल्या ओळीसाठी, म्हणजे ऑल्ट-एंटरसाठी, फक्त १० घालतं. मी ‘१३ आणि १० दिसले की काप’ म्हणून बसले होते. जोडी कुठे दिसेचना, म्हणून माझी कात्री कुठे लागलीच नाही. काकांना दिसलेल्या खिडक्या म्हणजे ते एकटे पडलेले दहा होते.

कात्री बदलली. आता फक्त १० वर काप. पत्ते सुटे झाले, मी खूश झाले आणि सगळे कागद छापून ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. “नांदेडच्या माणसाला रत्नागिरीला धाडलंस की!”

सतराव्या लेबलापासून सगळं एका ओळीने खाली घसरलं होतं. एका लेबलाचा पिनकोड पुढच्या लेबलाच्या डोक्यावर बसला होता: ४१५६१२ आणि त्याच्याखाली नांदेडच्या एका प्राध्यापकांचं नाव. काकांना पिनकोड पाठ होते. १९७२ साली पिनकोड सुरू झाले तेव्हापासून ते हेच करत आले होते. मला मात्र तो आकडा केवळ सहा अंक दिसला होता.

कारण असं की दोघा मुलांपैकी एकाला, पत्त्याची शेवटची ओळ लिहून झाल्यावरही एकदा ऑल्ट-एंटर मारायची सवय होती. दुसऱ्याला नव्हती. शेवटी एंटर असलेला चार ओळींचा पत्ता कापला की पाच तुकडे पडायचे, आणि पाचवा रिकामा. रिकामा असला तरी तुकडाच, आणि माझ्या प्रोग्रामने त्याला इमानदारीने एक जागा दिली. तिथून पुढे घसरगुंडी.

आमच्या जुन्या घराचं मोजमाप आजी खणांत सांगायची. तीन खणांची ओसरी. तीन खण म्हणजे खांब किती? झटक्यात उत्तर दिलं की तीन म्हणावंसं वाटतं, पण दोन्ही टोकांना खांब धरले तर चार, आणि दोन्हीकडे भिंत असेल तर मधले दोनच. प्रोग्रामिंगमधल्या निम्म्या चुका या एका खांबाच्या असतात असं मला वाटतं. ओळ म्हणजे खण आणि ते अदृश्य १० म्हणजे खांब. प्रश्न एवढाच, की शेवटच्या खणाच्या पलीकडे खांब आहे का? असेल तर ते चिन्ह ओळ संपवणारं. नसेल तर ते दोन ओळींच्या मधलं. पोथीत पाहा, शेवटच्या ओवीनंतरही दोन दंड आणि आकडा येतोच, तो संपवणारा. यादी लिहिताना आपण दोन नावांच्या मध्ये स्वल्पविराम देतो, शेवटच्या नावानंतर देत नाही, तो मधला. युनिक्सच्या जगात ओळीची व्याख्याच अशी आहे की जिच्या शेवटी १० आहे ती ओळ. म्हणजे काकांची रेघ.

भाषांचं मात्र एकमत नाही, आणि हे मला पुढे पदोपदी नडलं. जावामध्ये तेच स्प्लिट शेवटाकडचे रिकामे तुकडे गुपचूप टाकून देतं. मधले ठेवतं, शेवटचे टाकतं, आणि कुणाला काही सांगत नाही. पर्लचीही तीच तऱ्हा. सोय म्हणून ठीक आहे, पण ज्या कामात रिकाम्या ओळीला अर्थ असतो तिथे ती चोरी ठरते. पायथनचं स्प्लिट एक तुकडाही सोडत नाही. अगदी रिकामा मजकूर दिला तरी एक रिकामा तुकडा हातावर ठेवतं. पण तिथेच ‘स्प्लिटलाइन्स’ नावाची दुसरी आज्ञा आहे, तिला तोच रिकामा मजकूर दिला तर ती एकही तुकडा देत नाही. कोऱ्या पानावर एक कोरी ओळ असते की एकही ओळ नसते? एकाच भाषेची एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. जावाने अशी ओळींची खास आज्ञा २०१८ साली अकराव्या आवृत्तीत दिली. तोवर सगळे आपापल्या कात्र्या घडवत होते.

त्या वर्षीची लेबलं शेवटी निघाली. अंक चिकटवून झाल्यावर काकांनी पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधायला घेतले. ४११०३० चे दोन गठ्ठे निघाले. माझ्या यादीत सदाशिव पेठ दोनदा होती, दोन्हीकडे तेच सहा आकडे. यंत्राला विचारलं तर म्हणे वेगळे आहेत. आजीव वर्गणीदारांचे पत्ते एका जुन्या डॉसच्या प्रोग्राममधून आले होते, त्यांत ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही होते. मी १० वर कापलं की १३ आकड्यांच्या शेपटीला चिकटून राहायचा. छापला तर दिसायचा नाही, मोजला तर सापडायचा. काकांनी दोन्ही गठ्ठे सुतळीने एकत्र बांधले आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

यानंतर मी ते काम विसरले. नोकऱ्या बदलल्या, भाषा बदलल्या. २०१६ साली काकांचा पुन्हा फोन आला. मासिक आता युनिकोडवर आलं होतं, पण वर्गणीदारांची यादी अजून त्या जुन्या वेशातल्या फॉन्टात अडकलेली. माझाच २००३ सालचा प्रोग्राम दर वर्षी ती यादी एका साध्या फाइलीत काढून देत होता. एका ओळीत एक वर्गणीदार, रकान्यांच्या मधे टॅब. “तुझंच बाळ आहे,” काका म्हणाले, “आता तूच मुंज कर.”

ते आता सत्तरीच्या पुढे होते, वही मात्र चालूच होती. संगणकात भर पडली की वहीतही पडायची. त्यांच्या हिशेबाने वर्गणीदार ३,८४६.

मी फाइल माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर घेतली. तिथे ओळी मोजायची एक जुनी आज्ञा आहे. तिने सांगितलं ३,८४५. एक कमी. असेल काकांची चूक, असं म्हणून मी पुढे गेले. हे लिहितानाही लाज वाटते.

मग पायथन. फाइल उघडायची तर तिच्यातल्या बाइट्सचा अर्थ कसा लावायचा ते सांगावं लागतं. विंडोजचा नेहमीचा पाश्चात्त्य तक्ता सांगितला तर पायथनने हात वर केले: अमुक क्रमांकाला या तक्त्यात अक्षरच नाही. बरोबरच होतं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी तक्त्यातली रिकामी घरंही सोडली नव्हती, जिथे जागा दिसली तिथे एखादं अर्धं अक्षर नेऊन बसवलं होतं. अशा वेळी सगळेजण जे करतात तेच मी केलं. लॅटिन-१ सांगितलं. तो तक्ता कधीच तक्रार करत नाही, २५६ च्या २५६ बाइट्स गिळतो. तक्रार न करणाऱ्याचा संशय घ्यावा एवढं कळायला हवं होतं.

पायथनला ओळीमागून ओळ वाचायला लावली: ३,८४६. काकांचा आकडा! मग सगळी फाइल एकदम वाचली आणि स्प्लिटलाइन्सने कापली: ४,२०९. फाइल तीच, भाषा तीच, मधे दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती, आणि ३६३ जादा ओळी कुठून तरी उगवल्या होत्या.

त्या ओळी पडद्यावर पाहून उपयोग नव्हता. फॉन्टाशिवाय तो मजकूर म्हणजे उलटे स्वल्पविराम आणि फ्रेंच अक्षरांचा कचरा. एकेक मोडलेली ओळ उचलून वर्डमध्ये टाकली, फॉन्ट चढवला आणि वाचली. ‘मि’, आणि खालच्या ओळीवर ‘मंडळ कॉलनी’. ‘छ’, आणि खाली ‘पती चौक’. ‘चि’, आणि खाली ‘मंदिराजवळ’. पाच-सहा पत्ते झाल्यावर मीच मोठ्याने म्हणाले, “त्र!” मित्रमंडळातला त्र, छत्रपतींमधला त्र, चित्रमंदिरातला त्र. नुसती ओळ मोडली नव्हती, अक्षरही गिळलं गेलं होतं.

त्या फॉन्टात ‘त्र’चं घर होतं १३३. विंडोजच्या तक्त्यात १३३ म्हणजे तीन टिंबं, वाक्य अर्धवट सोडताना देतो ती. लॅटिन-१ मध्ये मात्र तिथे दिसणारं अक्षरच नाही, तिथे एक अदृश्य संकेत आहे आणि त्याचं नाव ‘पुढची ओळ’. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांचा वेगळाच संकेततक्ता होता, त्यातली ओळ संपवणारी खूण युनिकोडने या क्रमांकावर सांभाळून ठेवली. पायथनची स्प्लिटलाइन्स ही आज्ञा युनिकोडला धरून चालते. १०, १३ आणि त्यांची जोडी तर ती पाहतेच, पण हा १३३, पान बदलायचा जुना संकेत, उभ्या टॅबचा संकेत आणि असे आणखी चार-पाच जणही तिला ओळीचा शेवट वाटतात. फाइल ओळीओळीने वाचणारा पायथन एवढा विद्वान नाही, तो १० आणि १३ यांच्यापलीकडे पाहत नाही. म्हणून दोन आकडे. आणि मजा म्हणजे तोच मजकूर अक्षरं न करता कच्च्या बाइट्सच्या रूपात त्याच स्प्लिटलाइन्सला दिला, तर तीही १० आणि १३ एवढेच पाहते. कागदपत्रांत हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं ते ३६३ ‘त्र’ गमावल्यानंतर.

म्हणजे माझ्या फाइलीत पुण्यातला एक टाइपिस्ट ‘त्र’ लिहीत होता आणि पायथनला तिथे आयबीएमच्या यंत्राची ओळ संपलेली दिसत होती. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. मधे मी लॅटिन-१ सांगून बसले होते.

यावर उपाय दोन ओळींचा होता. आधी बाइट्सच्या पातळीवरच १० पाहून कापायचं, शेपटीचा १३ झटकायचा, आणि मग एकेका तुकड्याचं फॉन्टाच्या तक्त्याप्रमाणे युनिकोड करायचं. आधी कापायचं, मग वाचायचं. तक्ता तयार करायला मात्र तीन आठवडे गेले. वेलांटी आधी की व्यंजन आधी, रफार कुठे उडी मारतो, ती वेगळीच कथा आहे आणि ती सांगायला मला मानधन वेगळं पाहिजे.

काम झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन कचेरीत गेले. लेबलांचा प्रोग्रामही नव्याने लिहिला होता, पायथनमध्ये, साधं आपलं स्प्लिट वापरून. तो सुरुवातीलाच एकूण संख्या पडद्यावर दाखवायचा, काकांच्या समाधानासाठी. ३,८४६ दिसले. काकांनी वहीत पाहिलं, मान हलवली. मित्रमंडळ कॉलनीतला त्र जागेवर होता.

“पण तू फोनवर पंचेचाळीस म्हणाली होतीस.”

ते राहूनच गेलं होतं. मी लिनक्सची ती मोजणारी आज्ञा पुन्हा चालवली. आजही ३,८४५. मग एकदम उजेड पडला. ती आज्ञा ओळी मोजतच नाही, ती १० मोजते. रेघा मोजते. आणि माझ्या २००३ सालच्या प्रोग्रामने ओळी जोडताना दोन ओळींच्या मधे खूण टाकली होती, शेवटच्या ओळीनंतर नव्हती टाकली. तेरा वर्षं दर वर्षी ती फाइल शेवटच्या रेघेशिवाय निघत होती. दर वर्षी शेवटचा जो कोणी वर्गणीदार असेल तो या आज्ञेच्या लेखी अजून लिहून झालेला नव्हता.

काकांना हे सांगितलं. त्यांनी वही माझ्याकडे वळवली. त्या वर्षीचा शेवटचा पत्ता साताऱ्याच्या एका शिक्षिकेचा होता आणि त्याच्याखाली रेघ होती. ते काही बोलले नाहीत.

मी फाइल उघडली, कर्सर शेवटच्या पिनकोडच्या पुढे नेला आणि एंटर दाबलं. मोजणी पुन्हा चालवली: ३,८४६. “आता सगळीकडे एकच आकडा,” असं म्हणत लेबलांचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर आलं ३,८४७.

काकांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

“आणि आता हा वाढीव कोण?”